नोकरी सोडायच्या आधी पानांचा हिशोब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २२० पानांची ग्राफिक नॉवेल (चित्रांतून सांगितलेली कादंबरी), ३८ पानं फायनल, स्क्रिप्टचा पहिला ड्राफ्ट तयार. नोकरी सोडून १४ महिने पुरेल एवढ्या बचतीवर बाकीची पानं काढायची आणि मगच लिटररी एजंटकडे (लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी बोलणारा) पाठवायचं, चालेल का?

आत्ता सोडू नका. पुस्तकात दम नाही म्हणून नाही, पैसे नेमके नको त्या वेळी संपतायत म्हणून. तुम्हीच लिहिलंय की पेन्सिल, इंक, कलर, लेटरिंग (संवाद लिहिणं) धरून एका पानाला ९ तास लागतात. राहिली १८२ पानं, म्हणजे १६३८ तास, रोज ६ तास आणि महिन्याला २२ दिवस हात चालला तरी जवळपास साडेबारा महिने गेले, हाताशी उरला दीड महिन्याचा खर्च, आणि खरं वाट बघणं तर तिथून सुरू होतं. एजंटचं उत्तर यायलाच काही आठवडे, कधी काही महिने, मग प्रकाशक, मग करार, आणि ॲडव्हान्सही (प्रकाशक आगाऊ देतो ते पैसे) सहसा हप्त्यांत मिळतो, त्यातून एजंटचे साधारण १५ टक्के वजा.

मुळात सगळी पानं काढून ठेवायची गरजच नसते. नुसत्या मजकुराची पहिली कादंबरी पूर्ण लागते, पण ग्राफिक नॉवेलला बरेच एजंट पूर्ण स्क्रिप्ट किंवा सविस्तर सारांश आणि १०-२० फायनल पानं बघतात. नंतर एडिटर बदल सुचवणारच. स्क्रिप्टमधला सीन उडवला तर एखादी संध्याकाळ जाते, रंगवलेली ८ पानं उडाली तर ७२ तास गेले.

५व्या पानावरची आजी आणि ३५व्या पानावरची आजी वेगळी दिसते, हनुवटीच बदललीये असं लिहिलंत ना, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुमचा हात आता बसलाय. पहिली २० पानं या हाताने परत काढा, १८० तास, शनिवार-रविवार मिळून १२ तास दिलेत तर १५ आठवडे. मधल्या संध्याकाळी स्क्रिप्टचा शेवट पक्का करा. मग गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी ती पानं द्या, शेजारी बसून काही समजावू नका, आणि त्याला कुठे अडलं नाही तर पाठवा. एकावेळी ५-६ एजंटनाच, म्हणजे सगळ्यांनी एकच खोट काढली तर पुढच्यांकडे जायच्या आधी सुधारता येईल. वाचायचीच फी मागणाऱ्याला अजिबात पाठवू नका.

बचत तोवर तशीच राहू दे. करार झाला की पहिला हप्ता किती, डेडलाइन कधीची ते मला कळवा, नोकरी कधी सोडायची त्याचा हिशोब तेव्हा करू.