अमेरिकेत राहून दारू गाळायला कायदेशीरपणे शिकायचंय, कोणता परवाना घेऊ?

शिकायचंच असेल तर इंधन-अल्कोहोलचा छोटा परवाना बघा. तो टीटीबी ही केंद्रीय संस्था देते. अर्जाला फी नाही आणि वर्षाला 10,000 प्रूफ गॅलनपर्यंत मर्यादा (एक प्रूफ गॅलन म्हणजे 50 टक्के अल्कोहोल असलेला एक गॅलन), म्हणजे हौशी माणसाला आयुष्यभर पुरेल इतकी! आंबवणं, भट्टीचं तापमान सांभाळणं, धार कुठे तोडायची हे सगळं हातानं शिकता येतं. मुख्य अट मात्र कडक: एक थेंबही प्यायचा नाही. त्यामुळे चव घेऊन शिकणं राहूनच जातं. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणून मिरवतात ना, गाळणारे तीच सुरुवातीची धार बाजूला काढतात. ती वासावरून ओळखायला शिका.

पिण्याची दारू करायची तर डिस्टिल्ड स्पिरिट्स प्लांटचा परवाना लागतो. राहत्या घरात किंवा त्याला लागून असलेल्या अंगणात तो मिळत नाही. धंदा करायचा नसेल तर या भानगडीत पडू नका.

राज्याचे नियम वेगळे असतात, ते आधी तपासा. तोवर घरी वाइन किंवा बिअर करून बघा. केंद्रीय कायद्यानं एकट्या प्रौढाला वर्षाला 100 गॅलन चालतात, विकायची मात्र नाही. अर्धी विद्या आंबवण्यातच आहे.