सोसायटीत भाड्याची ई-मोटार: कराराआधी वायर बघा

प्रश्न: आमच्या ९६ सदनिकांच्या सोसायटीत एक कंपनी दोन इलेक्ट्रिक मोटारी ठेवायला तयार आहे. सभासदांनी अ‍ॅपवर बुक करायचं, तासावर भाडं द्यायचं. जागा आणि वीज आमची. होकार देण्याआधी काय तपासावं?
– सचिव, कोथरूड, पुणे

उत्तर: आधी मोटारी उभ्या कुठे राहणार ते ठरवा. रिकामा म्हणून बहुतेक वेळा तळघरातला कोपरा दिला जातो. तिथे रेंज नसते, आणि या मोटारींचं दार अ‍ॅपवरून उघडतं. फोनला रेंज नाही, मोटारीतल्या सिमलाही नाही. बुकिंगचा मीटर चालू आणि माणूस दाराशी उभा! गेटजवळची जागा द्या, नाहीतर कार्डने किंवा ब्लूटूथने उघडणारी मोटार मागा. अग्निशमन बंबासाठी सोडलेली वाट मात्र देऊ नका.

खरी मेख विजेत आहे. ७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो, तेही सलग चार-पाच तास. मीटरपासून ६० मीटरवर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली, तर सुमारे १२ व्होल्ट वाटेतच पडतात. १० चौरस मिलिमीटरला ते ७ वर येतं. वायरमन ४ची सुचवेल. ऐकू नका. प्रत्येक पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र ‘टाइप ए’ आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा. दोन्हींना मिळून एकच लावला, की गळतीची बेरीज होऊन तो उगाच ट्रिप होतो आणि सकाळी दोन्ही मोटारी अर्धवट चार्ज. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रोज रात्रभर चार्जिंग केलं तर आतल्या पट्ट्या सैल पडून तापतात. भोकांभोवती प्लास्टिक काळवंडलं, की सॉकेट बदलायचंच.

दोन चार्जर म्हणजे जवळजवळ १५ किलोवॅट. संध्याकाळी लिफ्ट आणि पंप चालू असताना मंजूर भार ओलांडला जाईल, म्हणून टायमर रात्री अकरानंतरचा ठेवा. मीटर वेगळा घ्या. महावितरणचा चार्जिंगसाठी स्वतंत्र दर आहे. बिल कंपनी भरेल हे करारात हवं, नाहीतर ते मेंटेनन्समध्ये घुसतं आणि सर्वसाधारण सभेत दुसरा विषयच निघत नाही.

नंबरप्लेट बघायला विसरू नका. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर वाहन व्यावसायिक, पांढरी असतील तर खासगी. खासगी मोटार भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

शनिवारी सकाळी सगळ्यांनाच मोटार हवी असते. एका घराला महिन्यात शनिवार-रविवारची दोनच बुकिंगं, आणि परत आणून प्लग न लावल्यास दंड, हे पहिल्या दिवसापासून लागू करा.

प्रश्न: सोसायटीतल्या भाड्याच्या ई-स्कूटरला लायसन्स लागतं का?
– वाचक, ठाणे

उत्तर: मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर नियमांच्या इतर अटींत बसणाऱ्या स्कूटरला लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. मात्र कोणी कंट्रोलर बदलून वेग वाढवला, तर ही सूट उरत नाही. स्पीडोमीटरवर विसंबू नका. मोकळ्या रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसने मोजा.