सहसंबंध ०.८ आला, म्हणून मॉडेलचं बाष्पीभवन बरोबर मानायचं का?

तुम्ही विचारलंय की सांगली जिल्ह्याच्या पाणी-नियोजनासाठी भूपृष्ठ मॉडेलचे (जमीन आणि हवा यांच्यातली पाण्याची-उष्णतेची देवाणघेवाण संगणकावर मांडणारं मॉडेल) बाष्पीभवनाचे आकडे वापरायचे आहेत, मोजमापाशी सहसंबंध (दोन्ही आकडे किती बरोबरीने वर-खाली होतात त्याचं माप, जास्तीत जास्त १) ०.८ येतोय, तर एवढं पुरे का? माझ्या मते अजिबात नाही.

ऊन चढलं की बाष्पीभवन वाढतं, रात्री जवळपास थांबतं. अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे लावले की ही लय कुठलंही मॉडेल पकडतं. म्हणून आधी दुसऱ्या ठिकाणच्या मोजमापांवरून एक सरळ रेषा बसवा, फक्त सूर्यप्रकाश आणि बाष्पीभवन यांची. ती तुमच्या ठिकाणी वापरा आणि मॉडेल तिच्यापेक्षा सरस ठरतं का ते बघा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्लंबर' नावाच्या तुलनेत २० ठिकाणच्या मनोऱ्यांवर (जमिनीवरून हवेत जाणारी वाफ आणि उष्णता मोजणारे मनोरे) १३ भूपृष्ठ मॉडेलं अशी तपासली गेली. हवा तापवणाऱ्या उष्णतेच्या बाबतीत असली साधी रेषाच सरस ठरली. माती, पानं, ओलावा यांची एवढी माहिती हाताशी असलेल्या मॉडेलांचा हा निकाल फार गांभीर्याने घ्यायला हवा.

मनोऱ्याचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. तिथे मोजलेल्या दोन्ही उष्णतांची (हवा तापवणारी आणि बाष्पीभवनात जाणारी) बेरीज उपलब्ध ऊर्जेपेक्षा बहुधा १० ते ३० टक्के कमी भरते. उपलब्ध ऊर्जेची चोवीस तासांची सरासरी १५० वॅट प्रति चौरस मीटर असेल, तर २० टक्के म्हणजे ३० वॅट. ही सगळी तूट बाष्पीभवनातली धरली, तर रोजचं १ मिलीमीटरहून थोडं जास्त पाणी, म्हणजे एकरी ४,००० लिटरच्या वर. तेवढ्या फरकासाठी मॉडेलला दोष देता येत नाही.

आपल्याकडची खरी मेख मात्र सिंचनात आहे. मार्च ते मे वेगळे काढून बघा. वाळव्यात उसाला कृष्णेचं पाणी चालू असतं, आणि मॉडेलला सिंचन दिलेलं नसेल तर त्याला फक्त पाऊस ठाऊक. त्याच्या हिशेबात माती कोरडी पडते, सगळी ऊर्जा हवा तापवण्यात जाते, आणि इकडे ऊस हिरवागार उभा राहून पाणी सोडत असतो. जतच्या कोरडवाहू माळावर तेच मॉडेल त्याच महिन्यात ठीक चालू शकतं. वर्षाची सरासरी काढली की पावसाळा ही चूक झाकून टाकतो, आणि नियोजन तर तुम्हाला उन्हाळ्याचंच करायचंय. तेव्हा बागायत आणि जिरायत वेगवेगळी तपासा, आणि मॉडेलमध्ये सिंचन आहे की नाही हे आधी विचारून घ्या.