जुन्या टगमध्ये (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीत) नवं इंजिन बसवताना जुनाच एनओएक्स टियर (धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादेचा टप्पा) चालतो का?

नाही, इंजिन अगदी तेच मॉडेल नसेल तर बदलाच्या तारखेला लागू असलेला टियर पाळावा लागतो. टग कधी बांधला हे तिथे पाहत नाहीत. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 6 मधला नियम 13 हे सांगतो. तो 130 किलोवॅटवरच्या डिझेल इंजिनांना लागू आहे. फक्त आणीबाणीसाठीची इंजिनं वगळून. 1800 आरपीएमच्या इंजिनाला टियर 1 ची मर्यादा सुमारे 10.0 ग्रॅम प्रति किलोवॅट-तास, टियर 2 ची 7.8 आणि टियर 3 ची 2.0. टियर 3 फक्त एनओएक्स नियंत्रण क्षेत्रात, म्हणजे कडक मर्यादेसाठी ठरवलेल्या समुद्रभागात, लागतो. तिथेही एससीआर (धुरातले एनओएक्स कमी करणारी यंत्रणा) बसवायला इंजिनरूममध्ये खरोखरच जागा नसेल, तर टग नोंदलेल्या देशाचं प्रशासन टियर 2 मान्य करू शकतं. पण कारण आधी लेखी पटवावं लागतं. बहुतेकांची गाडी अडते ती कागदांवर! इंजिनासोबत ईआयएपीपी प्रमाणपत्र (इंजिन एनओएक्स मर्यादेत असल्याचा दाखला) आणि टेक्निकल फाइल (इंजिनाच्या मंजूर भागांची नोंद) घ्याच. पुढे फाइलमध्ये नसलेल्या पार्ट नंबरचं नोझल किंवा टर्बो बसवलं, की सर्व्हेमध्ये इंजिन नापास. मात्र टग फक्त स्वतःच्या देशाच्या हद्दीत फिरत असेल आणि तिथे एनओएक्सचा पर्यायी नियम असेल, तर तोच लागू होईल.