मूठभर दाणे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बदाम उष्ण पडतात म्हणून सासूबाई उन्हाळ्यात खाऊ देत नाहीत. भिजवून, सोलून खाल्ले तर चालतील का?

सासूबाईंच्या बोलण्याला आधार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २७व्या अध्यायात, बदाम, अक्रोड, पिस्ते यांचे गुण एकत्र सांगितले आहेत: जड, उष्ण, स्निग्ध, मधुर, बळ देणारे, वात शमवणारे, पण कफ-पित्त वाढवणारे. तेव्हा पित्ताचा त्रास असेल तर चार-पाचांवर थांबा. भिजवल्याने बदाम मऊ होतो, चावायला सोपा जातो. साल मात्र काढलीच पाहिजे असं नाही, तिच्यात चोथा असतो.

बदाम-अक्रोड परवडत नाहीत. मुलांना शेंगदाणे दिले तर तेवढाच फायदा होईल का?

हा प्रश्न कुणी विचारला की मला मनापासून बरं वाटतं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने शेंगदाणा हा डाळींचा भाऊबंद, पण पोषणात तो बदामाच्या पंगतीलाच बसतो. ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर दाण्यांत साधारण ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढ्याच बदामांत ६. 'ई' जीवनसत्त्वात बदाम पुढे आणि अक्रोडातलं ओमेगा-३ (एक उपयोगी स्निग्धांश) दाण्यात नाही, हे खरं. पण त्यासाठी कर्ज काढून बदाम आणू नका! भाकरीबरोबर दाण्याची चटणी, भाजीत कूट, मधल्या वेळी दाणे-गूळ, एवढं रोज पोटात गेलं तरी पुष्कळ आहे.

एक काळजी मात्र घ्याच. दाणे भाजण्याआधी परातीत पसरा. सुरकुतलेले, काळपट, बुरशी धरलेले वेचून टाका. ओल लागलेल्या दाण्यांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होतं आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही. खवट किंवा कडू दाणा तोंडात आला तर थुंकून टाका.

माझं कोलेस्टेरॉल वाढलंय. काजू बंद करू का?

काजूत कोलेस्टेरॉल नसतंच, कुठल्याच वनस्पतीत ते नसतं. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सात हजारांहून अधिक लोकांवर मोठा अभ्यास झाला. त्यात भूमध्यसागरी आहाराबरोबर (भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल असलेलं तिकडचं जेवण) रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट खाणाऱ्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना कमी झाल्या. तुम्ही काजू खा, पण फरसाण-बिस्किटांच्या जागी, त्यांच्या जोडीला नव्हे. तळलेले, खारवलेले नकोत. डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नका.

नातू दोन वर्षांचा आहे. त्याला काजूचे तुकडे देते, ठीक आहे ना?

आजी, तुकडे आजपासून बंद करा. एवढ्या लहान मुलाला दाणा नीट चावता येत नाही. हसता-रडताना तो श्वासनलिकेत अडकतो. पाच वर्षांचा होईपर्यंत अख्खा दाणा किंवा तुकडा नको. बारीक पूड करून खिरीत, शिऱ्यात किंवा मऊ भातात कालवून द्या. पहिल्यांदा एखादा नवा प्रकार देताना चिमूटभरच द्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठा.