क्रिम्प घट्ट करूनही गोळी का सरकते?

प्रश्न : मी अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो आणि नेमबाजीच्या सरावासाठी ९ मिमी पिस्तुलाची काडतुसे घरीच पुन्हा भरतो. काही काडतुसे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या पोकळीत) पूर्ण बसत नव्हती, म्हणून मी क्रिम्प डाय, म्हणजे काडतुसाच्या पितळी पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळणारा साचा, आणखी खाली घेतला. आता ती बसतात, पण अंगठ्याने दाबल्यास गोळी पुंगळीत आत सरकते. क्रिम्प अजून वाढवावा का?

उत्तर : वाढवू नये, उलट कमी करावा, आणि ज्या काडतुसांत गोळी सरकते ती कृपया झाडू नयेत. ९ मिमीच्या पुंगळीत जागा मुळातच थोडी असते, त्यामुळे गोळी जराशी आत गेली तरी दाब झपाट्याने वाढतो.

या पिस्तुलात गोळीला धरून ठेवते ती सायझिंग डायने (वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याने) आवळलेली पुंगळीची भिंत. क्रिम्पचे काम गोळी बसवण्यासाठी रुंदावलेले तोंड पुन्हा सरळ करणे, एवढेच आहे. तोंड जास्त दाबले की पितळ थोडे मागे उसळते, पण आतले शिसे दबलेलेच राहते आणि गोळी सैल पडते. शिवाय हे काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावरच टेकते, म्हणून ते टोक फार आत वळवणे दुहेरी घातक आहे. गोळीचा व्यास ०.३५५ इंच आणि भिंतीची जाडी दोन्ही बाजूंना साधारण ०.०११ इंच धरली, तर तोंडाशी ०.३७७ ते ०.३७८ इंच माप पुरेसे होते. एक गोळी ओढून काढून पाहावी : तिच्यावर पुसट रेघ असेल तर चालेल, खोल खाच असेल तर क्रिम्प नक्की जास्त आहे.

मूळ दुखणे मात्र वेगळे असावे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून बॅरल सुटी काढावी, न बसणाऱ्या काडतुसाला मार्करने काळे करून ते तिच्यात सोडावे आणि फिरवून बाहेर काढावे. शाई गोळीवर खरवडली असेल तर काडतूस लांब झाले आहे. तोंडाशी खरवडली असेल तर रुंदावलेपणा उरला आहे. तोंडाच्या खाली खरवडली असेल तर पुंगळी फुगली आहे. गोळी बसवणे आणि क्रिम्प करणे एकाच डायमध्ये एकाच दाबात उरकले, की तोंड आवळले जात असतानाही गोळी खाली जात राहते आणि असा फुगवटा येतो. या दोन क्रिया वेगळ्या डायमध्ये कराव्यात, असे माझे ठाम मत आहे.

.३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरला हा नियम लावू नये. तिथे धक्क्याने गोळी पुढे सरकून सिलिंडर अडकू शकतो, म्हणून तोंड गोळीवरच्या खाचेत वळवावेच लागते आणि त्यासाठी सर्व पुंगळ्यांची लांबी सारखी हवी.

भारतातील वाचकांनी हे फक्त माहितीसाठी वाचावे; शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे गुन्हा आहे.

डाय नव्याने लावल्यावर काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजावी, गोळीचे टोक टेबलाच्या लाकडी कडेवर जोराने दाबावे आणि पुन्हा मोजावे. लांबी घटली, तर सायझिंग डाय पूर्ण खाली येतो का आणि तोंड रुंदावणारा खुंट जाड तर नाही ना, हे आधी तपासावे.