वडिलांना टीबी निघाला. ताट-वाटी वेगळी केली, तरी घरच्यांना लागण होईल का? लक्षणं कोणती पाहायची?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या बेडक्यात टीबीचे जंतू सापडले, त्यांची भांडी आणि टॉवेल वेगळे केले, घरात आणखी चौघं आहेत आणि त्यातली मुलगी तीन वर्षांची आहे.

भांडी एकत्रच घासा. टीबी उष्ट्या ताटातून, कपड्यांतून किंवा शेजारी बसून जेवल्याने लागत नाही. तो हवेतून लागतो, आणि तोही फुप्फुसाचा किंवा स्वरयंत्राचा टीबी असलेल्या माणसाकडूनच. रुग्ण खोकतो किंवा मोठ्याने बोलतो तेव्हा तुषार उडतात. त्यातले मोठे थेंब लगेच खाली पडतात. एक ते पाच मायक्रॉनचे बारीक कण मात्र बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहतात आणि नाका-घशात न अडकता थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. म्हणून ताटापेक्षा खिडकीकडे लक्ष द्या. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी ठेवली की हे कण बाहेर निघून जातात, आणि उन्हात जंतू टिकत नाहीत. मुंबईत मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या जवळ आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. टीबीचा याच्याशी असलेला संबंध तिथल्या पाहणीत दिसला होता.

दुसरी, जरा कडू गोष्ट: बहुतेक संसर्ग निदान होण्याआधीच होऊन गेलेला असतो. औषधं लागू पडली की जंतू पसरवण्याची क्षमता झपाट्याने उतरते, साधारण दोन आठवड्यांत धोका बराच कमी होतो. तोवर वडिलांनी हवेशीर खोलीत वेगळं झोपावं आणि घरात मास्क त्यांनी लावावा. बेडका झाकणाच्या डब्यात टाकावा. महिनोन् महिने कोपऱ्यात बसवून ठेवण्याला मात्र काहीही आधार नाही.

रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलेला हा जंतू, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, फार संथ आहे. साधे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला जवळपास एक दिवस लागतो. त्यावर मेणचट कवच असतं. म्हणूनच आजार नकळत वाढतो आणि उपचार आठवड्याचे नसून सहा महिन्यांचे असतात.

लागण आणि आजार यांत फरक करा. जंतू शरीरात शिरलेल्या शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, तोही जास्त करून पहिल्या दोन वर्षांत. बाकीच्यांमध्ये जंतू दबून राहतो. एचआयव्ही, मधुमेह, कुपोषण, तंबाखू, दारू, स्टेरॉइड यांनी हा दाब सुटतो. आपल्याकडे कुपोषण हे कारण फार कमी लेखलं जातं, असं माझं मत आहे. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तर त्यांच्यात टीबीचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला.

आता लक्षणं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला ही पहिली खूण. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, भूक मरणं, वजन उतरणं, कधी बेडक्यात रक्त. म्हाताऱ्या किंवा मधुमेही माणसात नुसता थकवाही असू शकतो. फुप्फुसाबाहेर तो कुठेही होतो: मानेत न दुखणाऱ्या गाठी, छातीत पाणी होऊन श्वास घेताना एका बाजूला कळ, मणक्यात होऊन महिनोन् महिने पाठदुखी, आतड्यात होऊन पोटदुखी आणि जुलाब. गर्भनलिकांतला टीबी कित्येकदा मूल होत नाही म्हणून तपासताना सापडतो. फुप्फुस-स्वरयंत्राबाहेरचे हे प्रकार सहसा दुसऱ्याला लागत नाहीत.

मुलीचं आधी बघा. पाच वर्षांखालच्या मुलांत टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत लवकर पोचतो आणि खोकला येईलच असं नाही. वजन न वाढणं, रेंगाळणारा ताप, खेळणं सोडून पडून राहणं हीच लक्षणं असतात. त्यात उलट्या किंवा गुंगी आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बीसीजीने हे गंभीर प्रकार कमी होतात, पण पूर्ण टळत नाहीत. मोठ्यांचा फुप्फुसाचा टीबी ती लस फारसा रोखत नाही.

चौघांचीही तपासणी सरकारी केंद्रात करा. ती मोफत आहे. ज्याला खोकला असेल त्याचा बेडका द्या, थुंकी नव्हे. सकाळी नुसत्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोका. चमचाभर घट्ट बेडका पुरतो. फेसाळ लाळ दिली की अहवाल उगाच 'निगेटिव्ह' येतो. सूक्ष्मदर्शकाला मिलिलिटरमागे पाच-दहा हजार जंतू लागतात, म्हणून जंतूचं जनुक शोधणारी सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट चाचणी मागा. त्यांत रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, हेही कळतं. रक्तातल्या अँटीबॉडीच्या चाचणीवर पैसे घालवू नका, तिच्यावर भारतात २०१२ पासून बंदी आहे. मॅन्टू ही त्वचेवरची चाचणी 'पॉझिटिव्ह' म्हणजे लागण, आजार नव्हे. आणि निदानाआधी लेव्होफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक घेऊ नका: टीबी तात्पुरता दबतो, बरं वाटतं आणि निदान लांबतं.

आजार नाही अशी खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध मिळतं, मुलीला तर नक्की मागा. वडिलांचा औषध-प्रतिकाराचा अहवाल सोबत न्या. रिफाम्पिसिन लागू नसेल तर नेहमीचं प्रतिबंधक औषध चालत नाही.

वडिलांच्या गोळ्या वजनावर ठरतात: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी नारिंगी होते, ते रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नका. डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, नजर धूसर होणं किंवा लाल-हिरवा रंग न ओळखणं असं काही झालं तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर साखर वारंवार तपासा, रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम घटतो. दुसऱ्या महिन्यात खोकला जातो, वजन वाढतं आणि नेमक्या तेव्हाच लोक औषध सोडतात. मागे उरलेले जंतू मग त्याच औषधांना दाद देईनासे होतात.

नोंदणी करताना वडिलांच्या बँक खात्याचा तपशील द्या. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये थेट खात्यात येतात, आणि खात्याच्या नावात किंवा आधार जोडणीत चूक असली की ते अडकतात.